पाणबागेची माती

“मग बुवा बसायचे तरी कुठं, अक्का?”

पाणबागेच्या फाटकातून पाऊल आत पडल्यापासून विश्वंभर हेच विचारत होता.

बयाक्कानं फाटकाच्या खांबाला टेकून आधी दम घेतला, पदरानं मान पुसली, मग मान वर करून गोरखचिंचेकडं पाहिलं... परगावाहून आलेलं माणूस घरात शिरताना थोरलं कुणी जागेवर आहे ना बघतं, तसं.

“चल,” म्हणाली.

विश्वंभराच्या डोक्यावर पिवळ्या रेशमी फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. त्यात रेवापुरीबुवांच्या वहाणा. बुवा गेले तेव्हापासून तो अनवाणी हिंडत होता. त्याला वर्ष होत आलं. टाचांना भेगा पडलेल्या, आणि फाल्गुनातली ती दुपार अशी, की कावळासुद्धा सावली सोडून उडत नव्हता.

बुवांच्या मठात एक चाल होती. गुरू जिथं जिथं बसला, त्या जागी त्याच्या वहाणा टेकवायच्या, माथा ठेवायचा, आणि तिथली मूठभर माती उचलून समाधीच्या पायात घालायची. जन्मगावच्या घाटाची माती आली होती. डोंगरातल्या गुहेची आली होती. राहिली होती ती या बागेची. उतारवयात रोज दुपार टळली की बुवा इथंच यायचे. आणि उद्या सकाळी समाधीवर चिरा बसणार होता. चिरा एकदा बसला की बसला. मग आत काही घालता येत नाही.

बुवांबरोबर बागेत आलेलं माणूस एकच उरलं होतं, बयाक्का. बुवांची पहिली शिष्या. ऐंशी उलटलेली, कंबरेत वाकलेली, पण जिभेला गंज न चढलेली.

विश्वंभर शेवटचा शिष्य. पोरवयात मठात आला, बुवांच्या मांडीवर वाढला, मग काशीला जाऊन शास्त्र शिकून आला. तो बोलायला उभा राहिला की पाच गावची माणसं गोळा व्हायची. चिरा बसला की गादीवर तोच बसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

“या झाडाखाली बसायचे का?” त्यानं गोरखचिंचेकडं बोट केलं.

“नाही.”

“त्या पारावर?”

“चल रे पुढं.”

बाग केवढी, तर या टोकाच्या माणसानं त्या टोकाला हाक मारली तर हाकच वाटेत दमून बसेल. शहर चारी बाजूंनी वाढत आलं, कुंपणाला येऊन थांबलं. मधे लांबलचक तळं. पण गंमत अशी, की फाटकातून ते दिसत नाही.

जुनी माणसं सांगत, बाग राजानं राणीसाठी केली. राणी मारवाडची. एवढं पाणी बघून ती वेडी झाली, आणि महिन्याभरात कंटाळली. डोळ्यांपुढं आहेच ते रोज काय बघायचं? तेव्हा राजानं परमुलखातला माळी आणवला. त्यानं पाण्याला हात लावला नाही. काठानं झाडं लावली, बांबूची बेटं लावली, वाटा सापासारख्या वळवल्या. चार पावलं पाणी दिसावं, की लपावं. पुन्हा दिसेलसं वाटावं, तर नुसता वारा यावा. म्हातारी होईपर्यंत राणी रोज बागेत जायची म्हणतात.

विश्वंभराला त्या गोष्टीत रस नव्हता. त्याला जागा हवी होती.

“बाग म्हणजे मायाच, अक्का,” चालता चालता तो म्हणाला. “फुलते, झडते. शास्त्रात तर म्हटलंय...”

“असेल बाबा. शेंगा खातोस?”

त्यानं डोक्यावरचं गाठोडं सावरलं.

कैलासपतीच्या झाडाखाली समोरासमोर दोन बाकं होती. एकावर ओगलेमास्तर, दुसऱ्यावर बारगीर फौजदार. दोघेही कामातून सुटलेले, आणि दोघांनाही घरात कुणी बोलू देत नसल्यानं इथं येऊन बोलणारे. बयाक्काला बघून मास्तर अर्धे उठले.

“बयाबाई! किती दिवसांनी. बुवांची जागा सुनी पडली हो.”

विश्वंभर एकदम पुढं झाला. “जागा? कुठली जागा?”

“ही काय. माझ्या शेजारची.”

“काहीतरीच सांगू नका, मास्तर,” फौजदार म्हणाले. “तुम्ही तपकीर ओढता. तुमच्या शेजारी तुमची मंडळी बसत नाहीत, बुवा कशाला बसतील? ते या बाकाशी असायचे. माझं बोलणं ऐकत.”

“तुमचं बोलणं? तोच एक चोर गेली कितीतरी वर्षं पकडताय तुम्ही. तो आता मेला असेल.”

“म्हणून काय झालं. बुवा ऐकायचे.”

विश्वंभर दोन बाकांच्या मधे उभा राहून आळीपाळीनं दोन्हीकडं बघत होता. शेवटी गुडघे टेकून त्यानं गाठोडं डोक्यावरून उतरवलं. दोन्हीकडची माती घ्यावी, काय बिघडतं.

“उठ,” बयाक्का म्हणाली.

“खोटं सांगताहेत का हे?”

“खरं सांगताहेत. उठ.”

थोडं पुढं वाटेच्या वळणावर हौसा शेंगा घेऊन बसायची. टोपलीत निखाऱ्याचं मडकं, शेंगांवर ओलं फडकं. तिनं पिवळं गाठोडं बघितलं, फडक्याखालची वहाणांची आकृती बघितली, आणि न विचारताच हात जोडले.

“बुवांच्या न्हवं?”

“होय,” विश्वंभर म्हणाला. “तुमच्यापाशी बसायचे का कधी?”

“बसायचे?” हौसाला हसू आलं. “मी म्हणायची, बुवा, टेका की जरा. तर म्हणायचे, टेकलो तर तू उचलशील का मला? डावा गुडघा धरलेला की त्यांचा. खाली बसलं तर उठवायला दोन गडी लागायचे. या बागेत बसलेलं मी तरी नाही बघितलं त्यांना. उभे राहायचे, न्हाईतर चालायचे.”

विश्वंभर वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“अक्का. फाटकापासून विचारतोय मी.”

“तू कुठं बसायचे विचारत होतास. बसायचे का, असं कुठं विचारलंस?”

“बुवा कधी बसलेच नाहीत?”

“नाही.”

“मग माती कुठली घेऊ?”

बयाक्कानं हौसाकडून ओंजळभर शेंगा घेतल्या, पदरात टाकल्या आणि चालू लागली. एक शेंग फोडली, दाणे हातात धरले. दात नव्हतेच. तिनं ते खारींसाठी वाटेच्या कडेला ठेवले.

वाट उताराला लागली. माळ्यांनी झाडांना पाणी सोडलं होतं, त्याचा ओला वास आला. मग एक पुतळा नसलेला चौथरा आला, एक मोडका पूल आला, आणि पुलाच्या अलीकडं अचानक तळं दिसलं. असं, की जणू आताच कुणी पडदा ओढला.

तिथं वाट फुटत होती. एक डावीकडून तळ्याला वळसा घालत जाणारी, एक उजवीकडून.

बयाक्का पुलाच्या दगडावर बसली.

विश्वंभर उभाच होता. पाण्याकडं बघत होता. डोक्यावरचं गाठोडं त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

“अक्का...”

“बोल.”

“मला माती नको होती. म्हणजे, हवी आहे. चिरा बसायचाच आहे. पण...” त्याला बोलता येईना. पाच गावच्या माणसांपुढं कधी न अडलेला माणूस. “मला एक जागा हवी होती. डोकं टेकायला. तिथं मी त्यांना विचारणार होतो.”

“काय?”

“काशीला येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूजवळ बुवा निरोप द्यायचे. विसूला म्हणावं, एकदा बाग बघायला ये. बस्स, एवढंच. ना तब्येतीचं, ना मठाचं. बाकीचे विद्यार्थी हसायचे. तुझा गुरू माळी आहे का, म्हणायचे. मलाही वाटायचं, म्हातारपण आहे, चालायचंच. मी उलट निरोप द्यायचो, हातातला ग्रंथ संपला की येतो. तो संपला की दुसरा असायचा.”

“हं.”

“मग तार आली. मी पोचलो तेव्हा समाधीत मीठ घालून झालं होतं. तोंडसुद्धा...”

तळ्यातून एक पाणकावळा वर आला, मान झटकून पुन्हा बुडाला.

“काय दाखवायचं होतं त्यांना, अक्का?”

“मला काय ठाऊक.”

“तुम्ही रोज बरोबर असायचात.”

“बरोबर इथपर्यंत. इथून पुढं वेगळं.”

“म्हणजे?”

“ती डावी वाट बुवांची. ही उजवी माझी.” बयाक्कानं वाळक्या हातानं दोन्हीकडं दाखवलं. “मधे पाणी. तीन जागी झाडांत फट पडते. तिथं ते मला दिसायचे, मी त्यांना. एवढे एवढे. मग पुन्हा बांबू.”

“एका वाटेनं का नाही जायचात?”

“मी विचारलं होतं. म्हणाले, शेजारून चाललीस तर मी तुला दिसणार कसा?”

विश्वंभरानं डाव्या वाटेकडं पाहिलं.

“टोकाला छत्री आहे दगडी,” ती म्हणाली. “दोन्ही वाटा तिथं मिळतात. आधी मीच पोचायची. तेव्हा पाय होते मला. बसून राहायची. बऱ्याच वेळानं बुवा पाय ओढत यायचे. मी म्हणायची, उशीर केलात, बुवा. ते म्हणायचे, वाट वाकडी आहे, बये. झालं. फाटक लागायच्या आत परत.”

“रोज?”

“रोज. रोज हेच बोलणं. तू हसशील.”

तो हसला नाही.

बयाक्का पदरातल्या शेंगा चाचपत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “तिसऱ्या फटीशी मात्र ते थांबायचे. मी तोवर छत्रीत पोचलेली. तिथून मला दिसायचे. समोरच्या काठाकडं बघायचे आणि हात वर करायचे. असा... ये म्हणतात तसा. तिकडं तर कुणी नसायचं. मी ओरडायची, अहो बुवा, मी इकडं छत्रीत आहे. त्यांना ऐकू जायचं. कान चांगले होते. पण मान वळवायचे नाहीत.”

“मग हात कुणाला करायचे?”

बयाक्कानं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“गाठोडं दे इकडं,” ती म्हणाली.

त्यानं गाठोडं डोक्यावरून उतरवून दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं गाठ सोडली. रेशमी फडक्यात आणखी एक फडकं, पांढरं. त्याच्या आत वहाणा.

वहाणा चकाकत होत्या. नव्या नवरीच्या असाव्यात तशा.

बयाक्काचा हात वरच्या वर थांबला.

“कुणी पुसल्या?”

“मीच.” किती वेळानं विश्वंभराचा आवाज जरा सरळ झाला. “मठात आलो तेव्हा कशा होत्या सांगू... बघवत नव्हतं. आधी दुधानं धुतल्या. शिवणींत सगळी घाण बसली होती, ती दाभणानं कोरून काढली. मग एरंडेल चोपडलं. अजून रोज पुसतो. पूजेच्या आधी.”

बयाक्कानं एक वहाण उचलली. उलटी केली. तळाच्या शिवणीवरून नख ओढलं. नखाकडं बघितलं. टाचेखाली, अंगठ्याच्या पट्ट्याखाली, पुन्हा नख ओढलं. दुसरी वहाण घेतली. ती नाकाशी नेली...

एरंडेलाचा वास.

तिचा हात मांडीवर पडला.

“काय झालं, अक्का?”

“सगळी काढलीस?”

“सगळी. कणसुद्धा ठेवला नाही.”

“टाकलीस कुठं?”

“मोरीत.”

पलीकडं कुठंतरी पोरं खेळत होती, त्यांचा ओरडा पाण्यावरून आला आणि विरला. बयाक्का वहाणेच्या तळाकडं बघत होती. अगदी साध्या आवाजात, मीठ संपलंय सांगावं तसं, तिनं सांगितलं,

“त्यात बाग होती, विसू.”

विश्वंभराला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं.

तो खालीच बसला. वाटेवर, पानांच्या पाचोळ्यात. हातांकडं बघत राहिला. दाभण धरला होता तो उजवा. वहाण धरली होती तो डावा.

“मी... दिव्याशी बसून... एकेक टाका कोरला, अक्का.”

“माहीत आहे.”

“प्रेमानं कोरला.”

“तेही माहीत आहे.”

तिनं समजूत घातली नाही, रागावली नाही. कधीतरी उठली, गुडघ्यावर हात ठेवत वाकली, आणि त्या दोन्ही वहाणा डाव्या वाटेच्या तोंडाशी मातीवर ठेवल्या. अंगठे पुढं. नीट जोडीनं.

“घाल.”

विश्वंभर समजला नाही.

“पायात घाल.”

“अक्का!” तो उठून दोन पावलं मागं सरला. “काय बोलताय? गुरूच्या वहाणा डोक्यावर घ्यायच्या असतात.”

“वर्षभर घेतल्यास. डोक्याला लागली का माती?”

“पाप लागेल मला.”

“लागू दे. लागलं तर पायाला लागेल. पाय धुता येतात.”

“लोक बघतील.”

“बघू देत. बाग बघायलाच येतात लोक.”

तो तसाच उभा. उन्हं कलली होती. पुलाच्या दगडांची सावली लांब होऊन त्या वहाणांपर्यंत आली होती. बयाक्का काठी टेकून थांबली. तिला घाई नव्हती, आणि तीच गोष्ट विश्वंभराला असह्य झाली.

त्यानं वाकून वहाणांना हात लावला, तो हात कपाळाला लावला. डोळे मिटले. उजवा पाय घातला. मग डावा.

वहाणा त्याला लहान होत्या. टाच मागं मातीवर टेकत होती. बुवा एवढे लहान होते हे त्याला कधी जाणवलंच नव्हतं. त्याच्या आठवणीतले बुवा दारात मावायचे नाहीत.

“ही वाट तुझी,” बयाक्का म्हणाली. “मी इकडून जाते.”

“तुम्ही एकट्या? एवढ्या लांब?”

“एकटी कुठली,” म्हणाली, आणि उजवीकडं वळून चालूसुद्धा लागली.

विश्वंभरानं पाऊल उचललं. आणि अडखळला.

डाव्या वहाणेचा तळ बाहेरच्या कडेनं पार झिजलेला होता. पाय टेकला की तो बाहेर कलायचा, गुडघा आपोआप वाकायचा, अंग एका बाजूला झुकायचं. त्यानं ताठ चालायचा प्रयत्न केला. वहाण चालू देईना. शेवटी ती म्हणेल तसं त्यानं अंग सोडलं. उजवा पाय टाकायचा, डावा ओढून घ्यायचा.

फट... सर्र. फट... सर्र.

तो जागच्या जागी थांबला.

हा आवाज त्याला ठाऊक होता. मठाच्या पडवीत पोरं पाठांतराच्या नावाखाली दंगा करायची, आणि बोळातून हा आवाज आला की सगळी ताठ बसायची. रात्री ताप असला, झोप लागत नसली, की हाच आवाज अंथरुणाशी येऊन थांबायचा. मग कपाळावर हात. काशीला पहिलं वर्षभर तो झोपेत या आवाजाची वाट बघायचा. नंतर विसरला.

त्यानं मागं वळून पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

तो चालला. पुन्हा आवाज बरोबर आला.

पहिल्या फटीशी झाडं दूर झाली आणि पाणी दिसलं. पलीकडच्या काठावर बयाक्का होती. एवढीशी, पांढऱ्या लुगड्यातली, काठी टेकत जाणारी. तिनं इकडं पाहिलं. बघता बघता थबकली. मग घाईघाईनं खांद्यावरचा पदर डोक्यावर ओढून घेतला.

ऊन लागत असेल, विश्वंभराला वाटलं.

पुन्हा बांबू आले. मधून पाण्याची चमक तेवढी दिसायची, पाणी नाही. वाट ओली होती. पाटाचं पाणी वाटेवर उतरलं होतं, आणि तांबडा चिखल वहाणांखाली चुबुक चुबुक करत होता.

दुसऱ्या फटीशी त्यानं पाहिलं तर बयाक्का त्याच्याही आधी येऊन उभी होती. काठी खाली पडलेली, हात जोडलेले. ती कुणाला हात जोडतेय ते बघायला त्यानं पुन्हा मागं वळून पाहिलं. मागं नुसते बांबू.

त्यानं हाक मारली, “अक्का!”

पाण्यावरून उत्तर आलं नाही. तिनं वाकून काठी उचलली आणि झाडांत गेली.

मग मोठं बेट लागलं. इतकं दाट, की आत संध्याकाळ आधीच येऊन बसली होती. इथं पाणी दिसत नव्हतं, त्याचा आवाजही नव्हता. विश्वंभराला वाटलं, पटकन पलीकडं जावं. अक्का दिसावी. कुणीतरी दिसावं. तो भरभर चालू पाहायचा, पण डावी वहाण मागं ओढायची. पळायचं तर वहाणा काढाव्या लागल्या असत्या. त्यानं त्या काढल्या नाहीत. बुवांनाही या बेटात असंच होत असेल का? रोज? पुढची फट कधी येते म्हणून जीव नुसता टांगलेला, आणि पाय म्हणतोय, हळू...

बेट संपलं.

समोर सगळं तळं उघडं पडलं होतं. कलत्या उन्हानं पाणी पितळेसारखं झालेलं. आणि पलीकडच्या काठावर थोडं गवत, पाण्यावर वाकलेलं एक झाड, झाडाच्या आणि पाण्याच्या मधे एक माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा.

कुणी नव्हतं तिथं.

विश्वंभर उभा राहिला. गुडघा दुखत होता. त्याचा गुडघा कधी दुखत नसे.

तो त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला. काशीच्या आपल्या खोलीतली खिडकी त्याला आठवली. खिडकीखालचा लाकडी चौरंग, त्यावर उघडा ग्रंथ, आणि दारात उभा असलेला कुणी यात्रेकरू सांगतोय... विसूला म्हणावं. आणि आपण मान वर न करता म्हणतोय, हो, हो, येतो म्हणून सांगा.

पलीकडच्या झाडाची फांदी हलली. पक्षी असावा.

त्याचा हात केव्हा वर गेला, त्याला कळलं नाही.

तो तसाच उभा राहिला. हात वर, बोटं जराशी मिटलेली, ये म्हणतात तशी. छत्री डावीकडं दिसत होती, छत्रीतली बयाक्काही अंधुक दिसत होती. त्याला वाटलं, ती ओरडेल. मी इकडं आहे म्हणेल.

छत्रीतून हाक आली नाही.

हात भरून आला तेव्हा कुठं त्यानं तो खाली घेतला. तोंडावरून फिरवला. ओला झाला.

छत्रीपर्यंतची वाट थोडीच होती, पण त्याला वेळ लागला. फट... सर्र. फट... सर्र. लांब फाटकाकडं राखणदाराची शिट्टी वाजली. बाग बंद व्हायची वेळ झाली होती. गवतावरची माणसं चादरी झटकून उठत होती, पोरांना हाका मारत होती.

बयाक्का छत्रीच्या खांबाला पाठ लावून बसली होती. पदर डोक्यावर होता. आवाज जवळ आला तशी तिनं मान वर केली. पण तोंडाकडं पाहिलं नाही. वहाणांकडं पाहिलं.

तांबडी माती प्रत्येक टाक्यात बसली होती. पट्ट्यांवर सुकत चालली होती. एरंडेलाची चकाकी कुठल्या कुठं गेली होती.

विश्वंभर पायरीखाली थांबला. त्याला पुष्कळ सांगायचं होतं. फडकं कंबरेला खोचलेलं होतं, ते काढून त्यात माती झटकायची होती. ही एवढी पुरेल का, विचारायचं होतं. उद्या चिरा बसायचा होता.

“पलीकडं कुणी नव्हतं, अक्का,” तो म्हणाला.

म्हातारीनं खांब धरला. दुसरा हात काठीवर. हळूहळू, हाडं मोजत उठावं तशी उठली. पदर कपाळापर्यंत नीट केला. पाण्यानं भरलेले तिचे डोळे आता कुठं वर आले, आणि तिनं त्याच्याकडं बघितलं.

“उशीर केलात, बुवा.”